कळतं, पण वळत नाही: वृत्ती आणि वर्तनाविषयी वाचकांचे प्रश्न

वृत्ती म्हणजे एखाद्या गोष्टीविषयी मनात असलेला अनुकूल किंवा प्रतिकूल कल. वर्तन म्हणजे दुसऱ्याला दिसेल, मोजता येईल अशी कृती. पहिली सुधारली की दुसरं आपोआप सुधारेल या समजुतीपोटी घरांत, सोसायट्यांत आणि कारखान्यांत खूप उपदेश होतो आणि त्यातून फार थोडं हाती लागतं. या वेळची बहुतेक पत्रं याच जागी अडलेली होती. त्यांतली सहा इथे घेतली आहेत.

प्रश्न: माझे यजमान ५२ वर्षांचे आहेत. तीन वर्षांपूर्वी त्यांना मधुमेह निघाला. चालण्याचं महत्त्व त्यांना पूर्ण पटलेलं आहे, इतरांनाही ते आवर्जून सांगतात. स्वतः मात्र चार दिवस जातात आणि पाचव्या दिवशी बंद. मनातून इच्छाच नाही असं समजायचं का? (एक वाचक, नाशिक)

असं समजू नका आणि त्यांना तसं बोलूनही दाखवू नका. चालायला हवं हे पटणं आणि चालायचं ठरवणं यांत अंतर असतंच, पण त्याहून मोठं अंतर ठरवणं आणि प्रत्यक्ष दाराबाहेर पडणं यांत असतं. तुमचे यजमान या दुसऱ्या टप्प्यावर अडले आहेत. तिथे पुन्हा महत्त्व पटवून काही होत नाही.

२००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात विद्यार्थ्यांचे तीन गट केले होते. एका गटाला विशेष काही सांगितलं नाही. दुसऱ्याला व्यायाम आणि हृदयविकार यांविषयीची माहिती वाचायला दिली. तिसऱ्याने ती माहिती वाचलीच, शिवाय पुढच्या आठवड्यात कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कुठे वीस मिनिटं व्यायाम करणार हे लिहून दिलं. त्या आठवड्यात एकदा तरी व्यायाम केलेले पहिल्या गटात ३८ टक्के निघाले, दुसऱ्यात ३५ टक्के आणि तिसऱ्यात ९१ टक्के. माहितीने इच्छा वाढली होती, पण पाय हलले ते वेळ आणि जागा ठरल्यावर. हे आकडे एका आठवड्यातल्या एका व्यायामाचे आहेत, वर्षभराच्या सवयीचे नाहीत, एवढं भान ठेवून त्यांचा उपयोग करावा.

पाचव्या दिवशी नेमकं काय होतं ते आधी शोधा. पाऊस, पाहुणे, ऑफिसातून उशीर, गुडघा, गल्लीतली कुत्री. कारण बहुधा इतकंच साधं असतं आणि दर वेळी तेच असतं. त्या कारणासाठी ‘असं झालं तर असं करायचं’ या साच्यात एक ओळ यजमानांनी स्वतः लिहावी. ‘पाऊस असला तर पार्किंगमध्ये दहा मिनिटं फेऱ्या.’ ‘घरी यायला आठ वाजून गेले तर जेवणानंतरचं चालणं, संध्याकाळचं सोडून.’ दोन-तीन ओळी पुरेत. दहा लिहिल्या तर ऐन वेळी एकही आठवत नाही.

सुरुवात ‘रोज पहाटे तासभर’ अशी करू नये. आठवड्याला १५० मिनिटं मध्यम गतीचं चालणं हे उद्दिष्ट असतं. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. ही मिनिटं दहा-दहाच्या तुकड्यांत केली तरी चालतात, आणि जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटं जेवणानंतर चढणाऱ्या साखरेसाठी विशेष उपयोगी पडतात. म्हणून चालणं रोज न चुकता होणाऱ्या गोष्टीला बांधावं: रात्रीचं जेवण झालं, हात धुतला की बूट. लागोपाठ दोन दिवसांहून जास्त खंड पडू देऊ नये. एखादा दिवस चुकल्याने मात्र सवय मोडत नाही. लंडनमधल्या २०१० च्या एका अभ्यासात नवी कृती अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवसांचा आला, आणि माणसामाणसांतला फरक अंदाजे १८ ते २५४ दिवस एवढा होता. एकवीस दिवसांत सवय लागते असं जे सगळीकडे ऐकू येतं त्यावर भिस्त ठेवली तर बाविसाव्या दिवशी उगाच निराशा येते.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर चालण्याची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवा आणि खिशात तीन चमचे साखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवायला सांगा. हात थरथरणं, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी ही साखर उतरल्याची लक्षणं असू शकतात. अनवाणी चालू नये, आणि घरी आल्यावर तळपाय बघणं हेही त्याच सवयीत घालावं.

प्रश्न: आमच्या ९६ सदनिकांच्या सोसायटीत ओला-सुका कचरा वेगळा करण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. व्हॉट्सॲपवर विचारलं तेव्हाही सगळे बाजूने होते. तरी डबे उघडले की सगळं एकत्र. लोका सांगे ब्रह्मज्ञान अशी ही माणसं! दंड लावावा का? (सोसायटीच्या सेक्रेटरी, पुणे)

दंडाचं शेवटी बघू. सभासद खोटं बोलले असं धरून चालू नका. वर्गीकरण चांगलं आहे का, या प्रश्नाला त्यांनी खरंच उत्तर दिलं. रात्री साडेदहाला दमलेल्या अंगाने ताटातलं उष्टं कोणत्या डब्यात जाईल, हा प्रश्न त्यांना कोणी विचारलाच नव्हता.

सामाजिक मानसशास्त्रज्ञ आइसेक आयझेन यांनी १९८५ पासून मांडलेल्या सिद्धांतात कृतीचा निश्चय तीन गोष्टींवर उभा असतो: ती कृती मला कशी वाटते, माझ्या आसपासच्या माणसांची काय अपेक्षा आहे, आणि ती मला जमण्यासारखी आहे का. तुमच्या ठरावाने फक्त पहिली गोष्ट तपासली. बिघाड बहुधा उरलेल्या दोन्हींत आहे, आणि तो शोधायला सभा घेऊन उपयोग नाही, डबे उघडावे लागतात.

सफाई कामगारांना बरोबर घेऊन, जाड हातमोजे घालून लागोपाठ तीन दिवस प्रत्येक विंगचे डबे बघा. घरनिहाय नोंद करू नका, नाहीतर पाळत ठेवल्याचं वातावरण होतं. कोणती वस्तू चुकीच्या डब्यात जाते तेवढंच लिहा. यादी दहा-बारा वस्तूंची निघेल आणि प्रत्येकीचं कारण वेगळं असेल. दुधाची पिशवी ओल्यात जाते, कारण सुक्यात ठेवली तर दुसऱ्या दिवशी वास मारते. ती विसळून नळाला अडकवायची आणि कापताना कोपरा पूर्ण वेगळा करायचा नाही, कारण तो तुकडा कुठल्याच डब्यातून परत मिळत नाही. उष्टं प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून येतं, कारण डबा धुण्याचा कंटाळा असतो. डब्याच्या तळाशी वर्तमानपत्राची दुहेरी घडी टाकली की धुणं सोपं होतं आणि ती घडीही ओल्यातच जाते. केस, केरातली धूळ, टिश्यू पेपर, नारळाची करवंटी यांबद्दल लोकांना खरंच माहीत नसतं, तिथे चित्रांसह एक पानी यादी लागते. सॅनिटरी पॅड आणि डायपर लाजेपोटी दिसेल त्या डब्यात दडवले जातात. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ संस्थेने असा कचरा कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायची पद्धत रुजवली, ती उचला आणि कागदी पाकिटं सोसायटीतर्फे घरोघरी द्या. हे पाकीट उघडायची वेळ ज्या कामगार बाईवर येते तिचा विचार या सगळ्यात पहिला असायला हवा.

आता जमण्याचा भाग. किती स्वयंपाकघरांत दोन डब्यांना जागा आहे? सिंकखाली झाकणाचा दहा लिटरचा एकच डबा मावतो. सुक्यासाठी बाल्कनीत किंवा दारामागे अडकवायची कापडी पिशवी चांगली. सुका कचरा आठवड्यातून दोनदाच उचलला जात असेल तर छोट्या घरात तो साठवायचा कुठे, याचं उत्तर सोसायटीने प्रत्येक मजल्यावर द्यायला हवं.

यानंतरची गोष्ट बहुतेक सोसायट्या विसरतात. सभेत वर झालेला हात आणि डब्यात कचरा टाकणारा हात अनेक घरांत एकाच माणसाचे नसतात. भांडी, केर-फरशी करणाऱ्या मावशींना ना सभेला बोलावलं होतं, ना व्हॉट्सॲपवर विचारलं होतं. त्यांच्याशी वेगळं बोला, दुपारी, जाण्याची घाई नसेल तेव्हा, आणि त्या वेळेचे पैसे द्या. कोणत्या घरात डबे कुठे आहेत, काय अवघड जातं हे त्या तुम्हाला कुठल्याही सर्वेक्षणापेक्षा नेमकं सांगतील.

आणि घंटागाडीत दोन्ही डबे एकाच ठिकाणी रिकामे होताना एखाद्याने गॅलरीतून पाहिलं, तर ‘शेवटी सगळं एकत्रच होतं’ ही बातमी आठवड्यात साऱ्या विंगांत पोहोचते. हे खरं असेल तर आधी ते थांबवा, तोपर्यंत सभासदांकडून काही मागू नका. खरं नसेल तर ओला कचरा कुठे जातो, सुका कोण विकतं, हे फोटोंसह लावा.

सूचनाफलकावरची भाषाही बदला. ‘अजूनही निम्मे सभासद वर्गीकरण करत नाहीत!’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला कळतं ते एवढंच की, न करणारे भरपूर आहेत आणि आपण त्यांच्यात खपून जाऊ. अमेरिकेतल्या एका हॉटेलात टॉवेल पुन्हा वापरा अशी पर्यावरणाची विनंती केल्यावर ३५ टक्के पाहुण्यांनी ती पाळली. इथले बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात, असं सांगितल्यावर ४४ टक्क्यांनी पाळली. हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. तुमच्याकडे खोटं लिहायची गरज नाही. ‘बी विंगचे ओल्याचे डबे मागच्या आठवड्यात दोन दिवस स्वच्छ होते, या आठवड्यात चार दिवस’ हे खरं आणि पुरेसं आहे.

छोट्या होकारापासून सुरुवात केली तर पुढचं सोपं जातं. १९६६ सालच्या कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगात अंगणात ‘सावकाश चालवा’ असा मोठा, ओबडधोबड फलक लावू द्याल का, असं विचारलं तेव्हा १७ टक्के घरांनी होकार दिला. ज्यांनी आधी त्याच विषयाचा एक लहानसा स्टिकर लावला होता त्यांच्यात हे प्रमाण ७६ टक्क्यांवर गेलं. आपण स्वखुशीने काही केलं की ‘मी अशा कामातला माणूस आहे’ असं स्वतःलाच वाटू लागतं. म्हणून दारावर लावायची ‘आम्ही कचरा वेगळा करतो’ ही पट्टी सगळ्यांवर चिकटवत फिरू नका. मागतील त्यांना द्या.

पहिल्या आठवड्यात मोजणी, दुसऱ्यात डबे-पिशव्या आणि मावशींशी बोलणं, तिसऱ्यापासून विंगनिहाय आकडे. दंडाचा विचार तीन महिन्यांनी करा आणि तोही सोय करून दिल्यावरच. दंडाने वर्तन बदलतं, पण लक्ष असेल तोवर, आणि पकडायचं कोणी हा ताण शेवटी वॉचमन आणि सफाई कामगारांच्या डोक्यावर येतो.

प्रश्न: आमच्या कारखान्यात दर तीन महिन्यांनी सुरक्षा प्रशिक्षण होतं. शेवटच्या फॉर्मवर सगळे ‘सुरक्षा अत्यंत महत्त्वाची’ यावर खूण करतात. दुसऱ्या दिवशी ग्राइंडिंगला निम्मे जण गॉगलशिवाय! वृत्ती बदलायची कशी? (सेफ्टी ऑफिसर, वाळूज)

वृत्ती तूर्त आहे तशी असू द्या. फॉर्मवर साहेबांसमोर भरलेली खूण ही वृत्तीपेक्षा सौजन्याची निशाणी जास्त असते. गॉगलकडे बघा.

गॉगल न घालणाऱ्यांना ‘का घालत नाही’ असं विचारलं तर ‘उद्यापासून घालतो’ हेच उत्तर येतं. ‘घातल्यावर काय त्रास होतो’ असं विचारा. घामाने वाफ धरते, चष्म्यावर बसत नाही, पट्टी सैल होऊन घसरतो, काचेवर ओरखडे पडून कामच दिसत नाही, स्टोअरला गेलं तर बदलून मिळायला पाळी संपते. यांतलं प्रत्येक कारण खरेदीने किंवा स्टोअरच्या नियमाने सुटणारं आहे: वाफ न धरणारी काच, चष्म्यावरून बसणारा रुंद प्रकार, बदली जोड ग्राइंडरपासून हाताच्या अंतरावर. नगावर पैसे मिळत असतील तर गॉगल पुसण्यात गेलेला वेळ कामगाराच्या खिशातून जातो, हेही व्यवस्थापनाला सांगावं लागेल. हे सगळं करून झाल्यावरही जो घालत नाही त्याच्या वृत्तीबद्दल मग बोलू.

मोजमाप फॉर्मवर करू नका. दिवसातून दोनदा, वेळ आधी न सांगता, दहा मिनिटं उभं राहून ग्राइंडिंग चालू असलेले किती आणि गॉगल घातलेले किती एवढे दोन आकडे लिहा, नावं नकोत. दोन आठवड्यांत खरी पातळी कळते. सुपरवायझर आणि फेरीवर येणारे पाहुणे याच मोजणीत धरा. लाइनमधून उघड्या डोळ्यांनी जाणारा मॅनेजर तासाभराच्या प्रशिक्षणावर एका मिनिटात पाणी फिरवतो.

प्रश्न: प्रकल्पासाठी मी ‘हेल्मेटविषयीची वृत्ती आणि हेल्मेटचा वापर’ हा विषय घेतला. ४० विद्यार्थ्यांची प्रश्नावली आणि एक दिवसाचं निरीक्षण. सहसंबंध जवळजवळ शून्य आला. माझं काय चुकलं? (टी.वाय.बी.ए., मानसशास्त्र, अकोला)

कदाचित फार काही चुकलं नसेल. (इतर वाचकांसाठी: सहसंबंध म्हणजे दोन गोष्टी किती बरोबरीने कमी-जास्त होतात हे सांगणारा आकडा; शून्य म्हणजे संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध.) असा निकाल मिळणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापिएर यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला एका चिनी जोडप्याबरोबर अमेरिकाभर प्रवास केला. तेव्हा तिथे चिनी लोकांविषयी उघड द्वेष होता. २५१ हॉटेलं, लॉज आणि खाणावळींपैकी एकाच ठिकाणी त्यांना नाकारलं गेलं. सहा महिन्यांनी त्याच ठिकाणांना पत्र पाठवून चिनी पाहुणे घ्याल का, असं विचारलं. १२८ उत्तरं आली आणि ९० टक्क्यांहून जास्त ‘नाही’ म्हणाली. १९३४ साली हे छापून आलं. १९३७ मध्ये स्टीफन कोरी यांना विद्यार्थ्यांची कॉपीविषयीची मतं आणि प्रत्यक्ष कॉपी यांत जवळपास काहीच संबंध आढळला नाही. १९६९ मध्ये ॲलन विकर यांनी तोवरचे अभ्यास एकत्र तपासले तेव्हा सहसंबंध क्वचितच ०.३० च्या वर गेलेला दिसला.

लापिएर यांच्या अभ्यासातली फट मात्र ओळखून ठेव, तुझ्या प्रकल्पातही तीच असण्याची शक्यता आहे. पत्राला उत्तर देणारा आणि काउंटरवर उभा असलेला माणूस एकच होता याची खात्री नव्हती. शिवाय पत्रात विचारलं होतं एका संपूर्ण वंशाबद्दल आणि दारात आलं होतं एक नीटनेटकं, हसतमुख जोडपं, सोबत गोरा प्राध्यापक. म्हणजे वृत्ती एका गोष्टीविषयीची मोजली आणि वर्तन दुसऱ्याच गोष्टीबाबतचं.

हा मुद्दा १९७९ सालच्या एका अभ्यासाने आकड्यांत दाखवला. २४४ स्त्रियांना गर्भनिरोधनाविषयी विचारलं आणि पुढच्या दोन वर्षांतला गोळ्यांचा वापर पाहिला. ‘गर्भनिरोधन’ या सर्वसाधारण विषयावरच्या वृत्तीचा वापराशी सहसंबंध ०.०८ होता, ‘गर्भनिरोधक गोळ्यां’विषयीच्या वृत्तीचा ०.३२, ‘गोळ्या वापरण्या’विषयीच्या वृत्तीचा ०.५३ आणि ‘पुढच्या दोन वर्षांत गोळ्या वापरण्या’विषयीच्या वृत्तीचा ०.५७. माणसं तीच, वर्तन तेच, फक्त प्रश्न नेमका होत गेला.

तेव्हा ‘हेल्मेट जीव वाचवतं’ यासारखी विधानं बाजूला ठेव. त्यांना सगळेच ‘पूर्ण सहमत’ म्हणतात, गुणांत फरकच उरत नाही, आणि ज्यात फरक नाही त्याचा कशाशीही सहसंबंध निघत नाही. विधानात चार गोष्टी हव्यात: कृती कोणती, कशाच्या बाबतीत, कुठे आणि कधी. उदाहरणार्थ, ‘पुढच्या दोन आठवड्यांत कॉलेजला दुचाकीवर येताना दर वेळी हेल्मेट घालणं मला त्रासाचं वाटेल.’ अशी आठ-दहा विधानं पाचबिंदू श्रेणीवर (१ म्हणजे पूर्ण असहमत, ५ म्हणजे पूर्ण सहमत) घे. काही समजुती-माहितीची, काही भावनेची, काही करण्याच्या तयारीची असावीत. निम्मी उलट्या दिशेने लिही आणि गुण देताना उलटव (६ मधून मिळालेला गुण वजा). मित्र काय म्हणतील, केस विस्कटतात, कॉलेजात हेल्मेट ठेवायला जागा नाही, यांसाठी वेगळी दोन-तीन विधानं हवीतच.

वर्तन एका दिवसावरून मोजू नकोस. त्या दिवशी पोलीस नाक्यावर असतील किंवा हेल्मेट भावाने नेलं असेल. किमान दहा सकाळी गेटवर निरीक्षण कर आणि दहापैकी किती वेळा घातलं हा आकडा घे. त्यासाठी विद्यार्थ्यांची लेखी संमती, नावाऐवजी क्रमांक आणि विभागाची परवानगी लागेल. प्रश्नावली आधी, निरीक्षण काही दिवसांनी, म्हणजे फॉर्म भरल्याचा परिणाम थोडा ओसरतो. ४० ही संख्या अपुरी आहे. ०.३० एवढा सहसंबंध पकडण्याची पुरेशी शक्यता हवी असेल तर साधारण ८५ जण लागतात. वेळच नसेल तर आहे तो निकाल प्रामाणिकपणे मांड आणि वरची कारणं चर्चेत लिही.

प्रश्न: नऊ वर्षांचा मुलगा आधी आपणहून गोष्टीची पुस्तकं वाचायचा. गोडी वाढावी म्हणून पुस्तकामागे दहा रुपये सुरू केले. आता पातळ पुस्तकं शोधतो आणि पैसे नसतील तर हात लावत नाही. (एक आई, कोल्हापूर)

इथे वर्तनानेच वृत्ती बदलली आहे. माणूस आपलं मन पुष्कळदा आपल्याच कृतीवरून ओळखतो. मुलाने स्वतःकडे पाहिलं, पुस्तक वाचलं की पैसे मिळतात हे पाहिलं, आणि आपण पैशासाठी वाचतो असं त्याचं मत झालं. १९७३ साली तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर झालेल्या प्रयोगात स्केचपेनने आवडीने चित्रं काढणाऱ्या काही मुलांना आधी सांगून प्रशस्तिपत्र दिलं. काही दिवसांनी मोकळ्या वेळात ती मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. ज्यांना बक्षीस अचानक, न सांगता मिळालं होतं त्यांची आवड कमी झाली नव्हती.

कबूल केलेले पैसे देऊन टाका आणि योजना संपली असं साधेपणाने सांगा, शिक्षा म्हणून नको. पुस्तकांची संख्या मोजणं थांबवा. रात्री पंधरा मिनिटं तुम्हीच मोठ्याने वाचा आणि रंगात आलेल्या जागी थांबून पुस्तक त्याच्या उशाशी ठेवा. निवड त्याची, अर्ध्यात सोडायची मुभाही त्याची. काही आठवडे तो वाचणार नाही, तेव्हा घाबरून पुन्हा आमिष दाखवू नका. ज्या कामाची त्याला मुळातच आवड नाही, समजा पाढे, तिथे लहानसं बक्षीस द्यायला हरकत नाही. तिथे मोडण्यासारखी गोडी नसतेच.

प्रश्न: माझे वडील निवृत्त शिक्षक. जातपात मानू नये हे आयुष्यभर वर्गात शिकवलं. पण आमच्याकडे वीस वर्षं काम करणाऱ्या ताईंचा चहाचा कप वेगळा आहे, मोरीजवळच्या फळीवर. विषय काढला की म्हणतात, ‘ते स्वच्छतेचं आहे.’ त्यांना कसं पटवू? (एक वाचक, ठाणे)

पटवायला जाऊ नका. समानता त्यांना पटलेली आहे. आपल्या कपातून ताईंनी चहा पिणं ही त्यांच्या मनात वेगळी, कधी न तपासलेली गोष्ट आहे.

मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ मध्ये मांडलं की, विचार आणि कृती यांतली विसंगती जाणवली की माणूस अस्वस्थ होतो आणि ती अस्वस्थता मिटवतो. मिटवण्याचे मार्ग तीन: कृती बदलणं, विचार बदलणं किंवा मध्ये एखादं कारण उभं करणं. तुमच्या वडिलांनी तिसरा निवडला आहे. तुम्ही जितक्या आवेशाने ‘तुम्ही ढोंगी आहात’ हे सिद्ध कराल तितकं ते कारण पक्कं होत जाईल, आणि आठवड्याभरात त्यांना स्वच्छतेची आणखी चार कारणं सापडतील.

वीस वर्षांच्या ओळखीने हा भेद का गेला नाही, असा प्रश्न पडू शकतो. नुसत्या सहवासाने पूर्वग्रह जात नाहीत. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये त्यासाठी अटी सांगितल्या: दोघांचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट एक हवं, ते सहकार्याने गाठायचं असावं आणि वरून, म्हणजे अधिकारातल्या माणसांची किंवा नियमांची, मान्यता हवी. मालक आणि कामवाली या नात्यात पहिलीच अट पुरी होत नाही, आणि वेगळा कप तो असमान दर्जा रोज दोनदा नव्याने पक्का करतो.

म्हणून कृतीपासून सुरुवात करा, आणि ती तुमची असू द्या. मोरीजवळचा कप काढून टाका. घरातल्या सगळ्यांचे कप एकाच प्रकारचे, एकाच मांडणीत, एकाच वेळी धुतलेले असू द्या, म्हणजे कोणता कोणाचा हे ठरवताच येणार नाही. चहा सगळ्यांचा एकदम गाळा आणि एकाच ट्रेमध्ये आणा. वडिलांना न सांगता चोरून करू नका, पण घोषणाही नको. त्यांनी विचारलं तर ‘साबणाने धुतलेला कप सगळ्यांना सारखाच स्वच्छ’ एवढं वाक्य पुरे, त्यात त्यांच्याच कारणाचं उत्तर आहे. काही दिवसांनी ताईंना चहा देण्याचं काम एखाद्या वेळी त्यांच्यावर सोपवा, ‘माझ्या हातात पीठ आहे, एवढं देता का?’ इतक्या सहजपणे. दडपण न वाटता, आपल्या हाताने केलेल्या कृतीभोवती मन हळूहळू जुळवून घेतं. बळजबरीने करायला लावलं तर ‘पोरीने करायला लावलं’ हे कारण तयार असतं आणि आत काहीच हलत नाही.

ते मोठ्याने नापसंती दाखवतील, कदाचित काही दिवस चहाच सोडतील. तरी फळीवरचा कप परत आणू नका. अस्पृश्यतेची कुठलीही प्रथा संविधानाच्या १७ व्या कलमाने रद्द केलेली आहे, आणि घरातल्या मोठ्या माणसाचा मान राखणं म्हणजे ती चालू ठेवणं असा अर्थ होत नाही.

आणि ताईंना आधी विश्वासात घ्या. वडिलांसमोर खुर्चीवर बसून चहा पिणं त्यांना पहिल्याच दिवशी संकोचाचं वाटेल, काम जाण्याची भीतीही वाटू शकते. कप बदलायचा निर्णय तुमचा आहे, कुठे बसायचं हे त्यांना ठरवू द्या. काही झालं तरी काम आणि पगार यांना धक्का लागणार नाही, हे त्यांना सुरुवातीलाच स्पष्ट शब्दांत सांगा.